‘द मॉल्टीज फाल्कन’ : रहस्याच्या उकलीनंतर उरणारे आकर्षण

प्रस्तावना

रहस्यकादंबरी ही एकदा वाचून बाजूला ठेवावयाची वस्तू आहे, असा सर्वसाधारण समज आहे. खुनी कोण हे कळले की तिचे प्रयोजन संपते आणि पुनर्वाचनाला कारण उरत नाही, हा त्या समजामागील तर्क होय. मराठी वाचकालाही हा तर्क अपरिचित नाही. बाबूराव अर्नाळकर यांच्या रहस्यकथांनी मराठीत फार मोठा वाचकवर्ग घडविला. परंतु त्यांचा उल्लेख होतो तो बहुधा लोकप्रियतेच्या संदर्भात, वाङ्मयीन गुणांच्या संदर्भात क्वचितच. रंजनपर साहित्य आणि अभिजात साहित्य यांच्यामध्ये आखलेली ही रेषा अभ्यासक्रमांतून आणि समीक्षेतून अजूनही पुसली गेलेली नाही.

या पार्श्वभूमीवर डॅशिएल हॅमेट (१८९४–१९६१) या अमेरिकन लेखकाची ‘द मॉल्टीज फाल्कन’ ही कादंबरी लक्षवेधी ठरते. सप्टेंबर १९२९ ते जानेवारी १९३० या काळात ती ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या नॉफ या प्रकाशनसंस्थेने ती पुस्तकरूपाने आणली. ‘हार्डबॉइल्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कठोर आणि भावनाविरहित वळणाच्या रहस्यकथेचा ती आदर्श नमुना मानली जाते. तिचे कथानक जगभरच्या वाचकांना आणि चित्रपटरसिकांना ठाऊक आहे. तरीही ती पुनःपुन्हा वाचली जाते. रहस्य उलगडलेले असतानाही टिकून राहणारे हे आकर्षण नेमके कशाचे आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या कादंबरीतील खरे रहस्य खुनाचे नसून सॅम स्पेड या गुप्तहेराच्या मनाचे आहे आणि ते रहस्य लेखकाने शेवटपर्यंत उघड केलेले नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

लेखक आणि काळ

हॅमेट यांनी १९१५ पासून पिंकर्टन या प्रसिद्ध खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते सैन्यात दाखल झाले. तेथे आजारपणाने त्यांना गाठले आणि क्षयाने पुढे दीर्घकाळ त्यांची पाठ सोडली नाही. प्रकृतीमुळे हेरगिरीचा व्यवसाय सोडावा लागल्यावर ते सॅन फ्रान्सिस्को येथे लेखनाकडे वळले. काही काळ त्यांनी तेथील एका जवाहिऱ्यासाठी जाहिरातींचा मजकूरही लिहिला. दुसऱ्यावर पाळत ठेवताना अंतर किती राखावे, खोटे बोलणाऱ्याचा चेहरा कसा वाचावा, पोलीस आणि खासगी गुप्तहेर यांचे संबंध कसे असतात, हे त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नाही.

काळाचा विचारही येथे आवश्यक आहे. १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी लागू होती. कायदा मोडणे हा अनेक सामान्य नागरिकांच्याही दैनंदिन व्यवहाराचा भाग झाला होता आणि त्या पैशातून गुन्हेगारी टोळ्या व भ्रष्ट प्रशासन यांची युती पक्की झाली होती. कादंबरीचे हप्ते प्रसिद्ध होत असतानाच, ऑक्टोबर १९२९ मध्ये, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. ‘कायदा’ आणि ‘न्याय’ हे शब्द समानार्थी आहेत यावरील विश्वास उडालेला असा हा काळ होता.

याच सुमारास इंग्लंड-अमेरिकेत रहस्यकथेला बौद्धिक कोड्याचे शिस्तबद्ध रूप देण्याचा प्रयत्न चालू होता. अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ ही कादंबरी १९२६ मध्ये आली. एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये रहस्यकथेसाठी वीस नियम सांगितले. रहस्यकथेत प्रेमप्रकरणाला स्थान नसावे, हा त्यांपैकी एक. हॅमेट यांनी त्याआधीच, १९२७ मध्ये, व्हॅन डाइन यांच्या पहिल्या रहस्यकादंबरीचे कठोर परीक्षण लिहिले होते. कोड्याच्या कथेत गुन्हा हा सुव्यवस्थित समाजात पडलेला तात्पुरता खंड असतो. बुद्धिमान गुप्तहेर तो खंड भरून काढतो आणि जग पूर्ववत होते. हॅमेट यांच्या जगात पूर्ववत होण्याजोगे काही मुळात नसतेच.

कथानक आणि रहस्याचे दुय्यम स्थान

सॅन फ्रान्सिस्कोतील ‘स्पेड अँड आर्चर’ या खासगी गुप्तहेर कचेरीत मिस वंडरली नावाची तरुणी येते. आपली बहीण फ्लॉइड थर्स्बी नावाच्या माणसाबरोबर पळून आली आहे, त्याच्यावर पाळत ठेवावी, अशी तिची मागणी असते. स्पेडचा भागीदार माइल्स आर्चर हे काम अंगावर घेतो आणि त्याच रात्री गोळी लागून मरतो. काही वेळातच थर्स्बीचाही खून होतो. तरुणीची कहाणी खोटी असल्याचे लवकरच कळते. तिचे नावही खोटे असते. एक-दोन नावे बदलून ती अखेरीस ब्रिजिड ओशॉनेसी या नावावर स्थिरावते. पुढे जोएल कैरो, लठ्ठ व वाक्चतुर कॅस्पर गटमन आणि त्याचा पिस्तुलधारी पोरगेला साथीदार विल्मर हे सर्व एका काळ्या पक्ष्याच्या मूर्तीच्या शोधात असल्याचे उघड होते.

ही मूर्ती म्हणजे रत्नजडित सोन्याचा ससाणा. सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३० मध्ये सेंट जॉनच्या सरदारसंघाला माल्टा बेट दिले आणि त्याबदली दरवर्षी एक ससाणा खंडणीदाखल देण्याची अट घातली, ही ऐतिहासिक घटना आहे. पहिल्या वर्षी जिवंत पक्ष्याऐवजी सोन्याचा पक्षी पाठविण्यात आला, हा मात्र हॅमेट यांचा कल्पनाविस्तार. गटमन या मूर्तीमागे सतरा वर्षे धावत आहे. अखेरीस ती हाती येते. तो चाकूने वरचा काळा लेप खरवडतो आणि आत शिसे निघते.

कथानकाचा एवढा आढावा घेतल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. आर्चरचा खून कोणी केला हा प्रश्न दुसऱ्या प्रकरणात उपस्थित होतो. परंतु नंतर दीर्घकाळ तो जवळजवळ विसरला जातो. वाचक ससाण्याच्या मागे लागतो. ससाणा नकली ठरल्यानंतर, म्हणजे कथा संपली असे वाटत असतानाच, स्पेड तो पहिला प्रश्न पुन्हा समोर आणतो आणि आर्चरला ब्रिजिडनेच मारले हे तिच्याकडून वदवून घेतो. त्यामागील तर्क अगदी साधा आहे. आर्चरसारखा अनुभवी माणूस अंधाऱ्या गल्लीत, पिस्तूल कोटाच्या आत असताना, निर्धास्तपणे जाईल तो केवळ ओळखीच्या व्यक्तीबरोबर. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याच्याबरोबर नव्हे. हा तर्क करण्यास लागणारी सर्व माहिती स्पेडला पहिल्याच रात्री उपलब्ध होती. मग त्याला हे केव्हा कळले होते? पहिल्या रात्रीच कळले असेल, तर ब्रिजिडशी त्याने ठेवलेल्या संबंधांचा अर्थ काय? कादंबरी या प्रश्नांची उत्तरे देत नाही. कोड्याची कथा जेथे संपते तेथे हॅमेट यांची कथा वाचकाच्या मनात सुरू होते.

निवेदनपद्धती : बाहेरून पाहणारी दृष्टी

हे कसे साधले जाते, याचे उत्तर निवेदनपद्धतीत आहे. ‘रेड हार्वेस्ट’ आणि ‘द डेन कर्स’ या आधीच्या दोन्ही कादंबऱ्यांत (१९२९) हॅमेट यांनी प्रथमपुरुषी निवेदन वापरले होते. ‘द मॉल्टीज फाल्कन’मध्ये त्यांनी ते सोडून तृतीयपुरुषी निवेदन स्वीकारले आणि त्यावर एक कडक बंधन घातले. निवेदक सतत स्पेडसोबत असतो, परंतु त्याच्या मनात कधीही शिरत नाही. ‘त्याला वाटले’, ‘त्याने ठरविले’, ‘त्याला शंका आली’ या प्रकारची वाक्ये, जी कादंबरीच्या निवेदनाचा जणू श्वास असतात, ती येथे हद्दपार झालेली आहेत. उरतात ते चेहरे, डोळे, हात, आवाज आणि वस्तू.

आर्चरच्या मृत्यूची बातमी येते तो प्रसंग या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. अंधारात दूरध्वनीची घंटा वाजते. वाचकाला केवळ स्पेडच्या बाजूचे मोजके शब्द ऐकू येतात. दिवा लागतो. पलंगाच्या कडेला बसून स्पेड सिगारेट वळू लागतो आणि लेखक त्या क्रियेचे सविस्तर वर्णन करतो : कागदावर तंबाखू पसरणे, बोटांनी तो सारखा करणे, कागद गुंडाळणे, कडेला जीभ लावणे. भागीदाराच्या मृत्यूचे दुःख, धक्का, सुटका किंवा भय यांपैकी एकही शब्द येत नाही. बोटे मात्र अतिशय सावकाश आणि काटेकोरपणे काम करीत राहतात. ही स्थितप्रज्ञता आहे, निर्दयता आहे की स्वतःला सावरण्याची धडपड? तिन्ही वाचने शक्य आहेत आणि संहिता त्यांपैकी एकालाही कौल देत नाही.

पुढील घटना हा संभ्रम वाढवितात. घटनास्थळी गेल्यावर स्पेड प्रेताजवळ जाऊन पाहण्याचे टाळतो. आर्चरच्या पत्नीला बातमी देण्याचे काम तो आपली चिटणीस एफी पेरीन हिच्यावर सोपवितो. दारावरील पाटीवरून आर्चरचे नाव काढण्यास तो दुसऱ्याच दिवशी सांगतो. आर्चरची पत्नी आयव्हा हिच्याशी त्याचे संबंध होते, हेही वाचकाला कळते. त्यामुळे पोलीस त्याच्यावर संशय घेतात तेव्हा तो संशय वाचकालाही अगदीच निराधार वाटत नाही. रहस्यकथेत गुप्तहेर हा वाचकाच्या विश्वासाचा आधार असतो. येथे तो आधारच काढून घेतला आहे.

आणखी एक प्रसंग विशेष बोलका आहे. गटमनच्या पहिल्या भेटीत स्पेड संतापाने आरडाओरडा करतो, ग्लास फोडतो, मुदत देऊन निघून जातो. खाली उतरताना तो रुमाल काढतो तेव्हा त्याला आपला हात थरथरताना दिसतो आणि तो त्या हाताकडे पाहून हसतो. संताप हे सोंग होते, हे त्या हसण्यातून सूचित होते. परंतु थरथर खरी होती, हेही तितकेच स्पष्ट आहे. स्वतःच्या हाताकडे परक्याच्या नजरेने पाहणारा हा मनुष्य स्वतःलाही बाहेरूनच ओळखतो की काय, असा प्रश्न वाचकाला पडतो. गुप्तहेर पुरावे वाचतो आणि वाचक गुप्तहेराला वाचतो, अशी ही दुहेरी रचना आहे. पुनर्वाचनातही ती शिळी होत नाही, कारण तिच्यातील दुसऱ्या शोधाला अंतिम उत्तरच नाही.

फ्लिटक्राफ्टची उपकथा

सातव्या प्रकरणात, कैरोची वाट पाहत असताना, स्पेड ब्रिजिडला एक हकिकत सांगतो. तिचा मुख्य कथानकाशी कोणताही उघड संबंध नाही. टॅकोमा येथील फ्लिटक्राफ्ट नावाचा जमीनजुमल्याचा एक सुस्थित व्यावसायिक १९२२ मध्ये दुपारच्या जेवणासाठी कचेरीतून बाहेर पडतो आणि नाहीसा होतो. पाच वर्षांनंतर स्पेडला तो स्पोकेन येथे सापडतो. घडलेले असे असते की, बांधकाम चालू असलेल्या इमारतीवरून एक तुळई त्याच्या शेजारीच कोसळली. पदपथाच्या फरशीचा उडालेला तुकडा गालाला लागला, एवढीच इजा. परंतु आयुष्य हा सुसंगत, न्याय्य व्यवहार आहे ही त्याची समजूत त्या क्षणी मोडली. चांगला नागरिक, चांगला पती, चांगला पिता असूनही मनुष्य निव्वळ योगायोगाने मरू शकतो, हे त्याला कळले. तेव्हा योगायोगानेच जगावे, म्हणून तो सर्व सोडून निघून गेला. मात्र दोन-तीन वर्षे भटकल्यावर त्याने पुन्हा लग्न केले, व्यवसाय थाटला आणि पहिल्यासारखाच संसार उभा केला. तुळया कोसळतात या सत्याशी त्याने जुळवून घेतले होते. पुढे त्या कोसळेनाशा झाल्या, तेव्हा त्याने त्याच्याशीही जुळवून घेतले. या हकिकतीतील हाच भाग आपल्याला आवडतो, असे स्पेड सांगतो.

ब्रिजिड ही हकिकत औपचारिक कौतुकाने ऐकते आणि लगेच स्वतःवर विश्वास ठेवण्याच्या विनवणीकडे वळते. आपल्यासमोर बसलेला मनुष्य स्वतःविषयी काहीतरी सांगत आहे, हे तिला उमगत नाही. स्पेडच्या अंतर्मनाच्या सर्वांत जवळ नेणारी कादंबरीतील जागा हीच होय. आणि तीही दुसऱ्याच्या गोष्टीच्या आडून येते. जगात अंगभूत न्याय नाही, हे स्पेडला ठाऊक आहे. पण त्यामुळे वागण्याचे सर्व नियम गळून पडतात, असे तो मानत नाही. तुळई पडो वा न पडो, माणूस आपल्या सवयींकडे परततो. स्पेडची सवय म्हणजे त्याचा व्यवसाय. ब्रिजिडने ही गोष्ट नीट ऐकली असती, तर आपला शेवट काय होणार हे तिला कदाचित तेव्हाच कळले असते.

जॉन ह्यूस्टन यांनी १९४१ मध्ये दिग्दर्शित केलेल्या आणि हम्फ्री बोगार्ट यांच्या भूमिकेमुळे गाजलेल्या चित्रपटात ही उपकथा वगळलेली आहे. कथानकाच्या गतीच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे स्पेडच्या अंतिम निर्णयाची तात्त्विक पूर्वतयारी नाहीशी होते. चित्रपट आणि कादंबरी यांच्या आकर्षणातील फरक येथून सुरू होतो.

अंतिम निवाडा

कादंबरीचा कळस म्हणजे स्पेड आणि ब्रिजिड यांच्यातील अखेरचा संवाद. आपण तिला पोलिसांच्या स्वाधीन का करणार आहोत, याची कारणे स्पेड क्रमांक घालून सांगतो. भागीदार मारला गेला तर माणसाने काहीतरी करावयाचे असते, मग तो भागीदार कसाही असो. गुप्तहेराच्या संस्थेतील माणसाचा खुनी मोकळा सुटणे व्यवसायाला घातक असते. गुन्हेगार पकडून सोडून देणे हे त्याच्या स्वभावातच नाही. तिला वाचविल्यास तो स्वतः फासाच्या वाटेवर जाईल. तिच्यावर विश्वास ठेवण्यास कारण नाही. तिच्याजवळ त्याच्याविरुद्ध आणि त्याच्याजवळ तिच्याविरुद्ध कायमचे शस्त्र राहील. तिने आपल्याला मूर्ख बनविले असण्याची शक्यताही आहे. आणि दुसऱ्या पारड्यात काय? कदाचित तिचे त्याच्यावर प्रेम आहे आणि कदाचित त्याचे तिच्यावर.

या यादीचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. तीत नीतितत्त्वे आहेत, व्यावसायिक हिशेब आहे, भीती आहे, अहंकारही आहे. यांपैकी काही कारणे क्षुल्लक असतील, परंतु त्यांची संख्या पाहा, असे स्पेड स्वतःच सुचवितो. एकच उदात्त कारण सांगून तो मोकळा होऊ शकला असता. पण तसे केले असते तर ते खोटे वाटले असते. जमाखर्चाच्या वहीसारखी ही मांडणी त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावी, की भावना दडपण्यासाठी रचलेली भिंत मानावी? निर्णय एकच आहे. त्यामागील मन अज्ञात आहे.

येथे हॅमेट आणि त्यांचे ख्यातनाम उत्तराधिकारी रेमंड चॅंडलर यांच्यातील भेद स्पष्ट होतो. चॅंडलर यांनी १९४४ मधील ‘द सिंपल आर्ट ऑफ मर्डर’ या निबंधात हॅमेट यांचा गौरव केला. खून हा केवळ कथेला प्रेत पुरविण्यासाठी नव्हे, तर कारणासाठी करणाऱ्या माणसांच्या हाती हॅमेट यांनी परत दिला, असा त्याचा आशय. त्याच निबंधात त्यांनी मलिन जगात वावरूनही स्वतः निष्कलंक राहणाऱ्या नायकाची कल्पना मांडली. त्यांचा फिलिप मार्लो तसा आहे आणि प्रथमपुरुषी निवेदनामुळे त्याच्या मनाची स्वच्छता वाचकाला सतत जाणवत राहते. स्पेडला मात्र ही सवलत नाही. तो मित्राच्या पत्नीशी संबंध ठेवतो, झोपलेल्या ब्रिजिडची किल्ली घेऊन तिच्या खोलीची झडती घेतो, हजार डॉलरची नोट कोणी लपविली हे तपासण्यासाठी तिला विवस्त्र होण्यास भाग पाडतो. तरीही शेवटी तो तीच नोट लाच म्हणून मिळाल्याचे सांगून पोलिसांच्या हवाली करतो. निष्कलंक मनातून योग्य कृती घडते, हे सांगणे सोपे आहे. संदिग्ध मनातूनही योग्य कृती घडू शकते काय, हा हॅमेट यांचा प्रश्न अधिक अवघड आहे.

कादंबरी या निर्णयावर संपत नाही. सोमवारी सकाळी स्पेड कचेरीत येतो. ब्रिजिडवर पहिल्यापासून विश्वास टाकणारी एफी वर्तमानपत्र वाचून बसलेली आहे. तो योग्य वागला हे तिला पटते; तरीही त्या क्षणी त्याचा स्पर्श तिला सहन होत नाही. पाठोपाठ आयव्हा भेटीस आल्याची वर्दी मिळते. स्पेड शहारतो आणि तिला आत पाठविण्यास सांगतो. चित्रपटात हा प्रसंगही नाही; तेथे शेवट स्वप्नभंगाच्या काव्यात्म सुरावर होतो. कादंबरीत न्याय झाला आहे, पण न्याय करणाऱ्याच्या वाट्याला एकाकीपणा आणि जुने लचांड तेवढे उरले आहे.

आक्षेप आणि मर्यादा

या कादंबरीवरील आक्षेपांची दखल घेतल्याशिवाय विवेचन पूर्ण होणार नाही. नामवंत समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९४४ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये लिहिताना, ही कादंबरी वर्तमानपत्री चित्रमालिकांहून फारशी वरच्या दर्जाची नाही, असा अभिप्राय दिला होता. कथानकापुरते पाहिले तर हा अभिप्राय पूर्णतः चुकीचा म्हणता येत नाही. प्राचीन रत्नजडित मूर्ती, परदेशी खलनायक, गुंगीचे औषध, मरता मरता पुडके आणून टाकणारा जहाजाचा कप्तान ही सर्व सामग्री साहसकथांच्या बाजारातीलच आहे. मात्र विल्सन यांच्या अभिप्रायात निवेदनाच्या शिस्तीचा विचार दिसत नाही. चित्रमालिकेतील नायकाच्या हेतूंविषयी वाचकाला शंका नसते. येथे हेतूंविषयीची शंका हाच कादंबरीचा विषय आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मनात न शिरणारे निवेदन वस्तुनिष्ठ असते, हा भ्रम होय. काय दाखवावयाचे आणि कोणत्या विशेषणाने दाखवावयाचे, ही निवडच मूल्यभाव व्यक्त करते. कैरोचे वर्णन करताना त्याचे अत्तर, त्याची चाल, त्याचे पौर्वात्य वळण यांवर दिलेला भर त्याच्या समलिंगी प्रवृत्तीविषयी आणि परकेपणाविषयी तत्कालीन समाजात असलेला तुच्छताभाव जसाच्या तसा उचलतो. स्पेड त्याला मारतो तेव्हा वाचकाने त्या मारहाणीचा आनंद घ्यावा, अशी मांडणी आहे. ब्रिजिडच्या चित्रणातही मोहिनी घालून घात करणाऱ्या स्त्रीचा जुना साचा दिसतो. एफीचे स्वतंत्र, विवेकी व्यक्तिमत्त्व या साच्याला छेद देते आणि कादंबरीतील अखेरचा नैतिक प्रतिसाद तिच्याकडूनच येतो, हे खरे. तरी त्यामुळे उर्वरित चित्रणातील पूर्वग्रह नाहीसे होत नाहीत. ज्या निवेदकाने स्पेडविषयी निवाडा देण्याचे कटाक्षाने टाळले, त्याने कैरोविषयी मात्र तो पहिल्याच भेटीत दिलेला आहे. स्पेडला दिलेला संशयाचा फायदा इतरांना नाकारला जातो, ही या कादंबरीची खरी मर्यादा होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, ‘द मॉल्टीज फाल्कन’चे टिकाऊ आकर्षण रहस्याच्या उकलीत नसून, उकलीनंतरही शिल्लक राहणाऱ्या अनिश्चिततेत आहे. ससाणा नकली निघतो, खुनी सापडतो, टोळी पकडली जाते आणि विल्मर आपल्याच मालकाला, गटमनला, गोळी घालतो. कथानकाचे सर्व धागे जुळतात; परंतु स्पेडचे ब्रिजिडवर प्रेम होते काय, हा प्रश्न जुळवणीच्या बाहेर राहतो. काळा लेप खरवडल्यावर मूर्तीत शिसे आहे हे कळते. माणसाच्या बाबतीत असा लेप खरवडून पाहण्याची सोय लेखकाने वाचकाला दिलेली नाही.

हीच गोष्ट या कादंबरीला रंजनाच्या पलीकडे नेते. प्रत्यक्ष जीवनात कोणालाही दुसऱ्याच्या मनात प्रवेश नसतो. सहकारी, स्नेही, आप्त यांची पारख त्यांच्या शब्दांवरून आणि कृतींवरूनच करावी लागते आणि ती पारख अपुऱ्या पुराव्यावर करूनही तिची जबाबदारी टाळता येत नाही. मानसशास्त्रीय कादंबरी वाचकाला पात्रांच्या मनात नेऊन या अडचणीतून सोडविते; हॅमेट यांची कादंबरी त्याला त्याच अडचणीत परत आणून उभे करते.

अध्यापनाच्या दृष्टीनेही यातून एक विचार पुढे येतो. निवेदनमीमांसा शिकविताना विद्यार्थ्यांसमोर सामान्यतः दुर्बोध मानल्या गेलेल्या कलाकृती ठेवल्या जातात. सिगारेट वळणाऱ्या स्पेडचा प्रसंग एका तासिकेत वाचून, ‘येथे काय सांगितलेले नाही?’ एवढाच प्रश्न विचारला, तरी निवेदकाचे स्थान, दृष्टिकोन आणि मौन या संकल्पना प्रत्यक्ष अनुभवता येतील. त्याच तासिकेत कैरोच्या प्रवेशाचा उतारा शेजारी ठेवला, तर बाहेरून पाहणारी दृष्टीही निष्पक्ष नसते, हेही लक्षात येईल. स्वस्त कागदावर छापल्या गेलेल्या मासिकात पाच हप्त्यांत आलेली ही कथा दोन्ही धडे देऊ शकते. लोकप्रिय साहित्याला वर्गात स्थान द्यावे की नाही, या वादाचे उत्तर प्रकारावरून नव्हे, तर अशा प्रत्येक संहितेच्या वाचनावरून ठरविणे अधिक उचित होईल.